बेलाच्या पानाखालच्या दोन चिठ्ठ्या

अक्का,

तू नळावर हाईस आणि माझी होटगीची गाडी साडेआठची, म्हणून लिहून ठेवतोय. डबा घेतलाय.

एक काम कर. सोमवारी अव्वानं माझ्या नोकरीसाठी देवाला कौल लावला, त्यातल्या दोन चिठ्ठ्या अजून देव्हाऱ्यात बेलाच्या पानाखाली हायत. तिच्या हाती लागायच्या आत चुलीत घाल. तिन्ही कोऱ्याच होत्या. मिल, रेल्वे, आयटीआय असं एकेकीवर लिही म्हणाली होती, पण कशालाच हात चालला न्हाय. अव्वाला वाचता येत न्हाय, पण कोरा कागद कळतो की.

तिनं एक उचलली, न उघडताच माझ्या हातात दिली आणि "वाच" म्हणाली. तेवढ्यात स्टेशनाकडं इंजिनाची शिट्टी झाली, आणि मी "रेल्वे" म्हणून बसलो. आता होटगीच्या काकांनी तिथल्या रेल्वेच्या साहेबाला सांगून ठेवलंय, अव्वानं गल्लीभर साखर वाटलीय. देवानं सांगितलेलं मोडायचं कसं?

तुला नर्स व्हायचं होतं. होऊ दिलं न्हाय तवा चार दिवस जेवली न्हाईस. मी कशापायी उपाशी बसावं, तेच मला कळत न्हाय. चिडू नकोस, पण तुझा हेवा वाटतो.

तुझं पेन नेतोय. तिसरी चिठ्ठी खिशात हाय. होटगी यायच्या आत काही सुचलं तर तिच्यावर लिहीन.

वीस मिनिटं लागतात.

ईरण्णा