फॅन-मिक्सर दुरुस्तीचा गाळा

मी, श्रीमती नलिनी चंद्रप्रकाश मेस्त्री, वय वर्षे एकाहत्तर, राहणार मुलुंड (पश्चिम), पूर्वी औषधांच्या कारखान्यात पॅकिंग कामगार, माझ्या मागे माझ्या मालमत्तेचं काय करायचं ते आज लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. हे लिही म्हणून माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. उलट लिहू नकोस म्हणून माझ्या मुलाने बरंच दडपण आणलं होतं, ते त्याने आता मागे घेतलं आहे. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. वकीलबाईंनी भाषा सरळ करून दिली, पण बऱ्याच ठिकाणी "हे काढूया का?" असं विचारलं. तिथे तिथे मी नाही म्हटलं आहे.

१. मालमत्ता माझ्याकडे कशी आली ते आधी सांगते. माझे पती कै. चंद्रप्रकाश यांचं आमच्या जुन्या इमारतीत तळमजल्याला फॅन, मिक्सर, इस्त्री दुरुस्तीचं दुकान होतं. वर आमची दीड खोली. इमारत पाडून तिथे टॉवर झाला आणि आम्हाला सतराव्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट व खाली रस्त्याच्या बाजूला गाळा मिळाला. हे बघायला माझे पती राहिले नाहीत. माझी मुलं सिद्धेश आणि रुचिरा यांनी हक्कसोडपत्र करून फ्लॅट व गाळा दोन्ही माझ्या नावावर केले. त्यासाठी मी दोघांची ऋणी आहे.

सुंदराबाई शिवदास खरात ही कारखान्यात माझ्या शेजारी उभी असायची. पॅकिंगचा एकच पट्टा, एकच पगार, एकाच डब्यात जेवण. कारखान्याला टाळं लागलं तेही दोघींसाठी एकाच दिवशी. ती डोंगराच्या उतारावरच्या वस्तीत राहत होती, आजही तिथेच राहते. आता लोक मला मॅडम म्हणतात आणि तिला "ए मावशी". मी काय मोठं केलं? मी ज्या जमिनीवर राहत होते तिचा भाव वाढला, एवढंच. हा विचार मला टॉवरमध्ये आल्यापासून टोचत होता. कोणाकडे बोलायची सोय नव्हती, कारण ऐकणारा म्हणायचा, "नशीब काढलंत की!"

२. राहता फ्लॅट व बँकेतल्या ठेवी सिद्धेश आणि रुचिरा यांनी निम्मेनिम्मे घ्याव्यात. यावर भांडू नये. भांडायचंच असेल तर माझ्या फोटोसमोर भांडू नये, मला मध्ये बोलता येणार नाही.

३. घरातील वस्तू. सिद्धेश अंधेरीला एका ऑनलाइन खरेदीच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याचं काम काय, असं मी एकदा विचारलं. तो हसून म्हणाला, "आई, एक वस्तू घ्यायला आलेल्या माणसाने तीन घेऊन जावं, हे बघणं." पोरगा मनाने चांगला. मला भेटायला वेळ मिळाला नाही की वस्तू पाठवायचा. पाय चेपायचं मशीन, भाकरीचं मशीन, मसाजची खुर्ची. त्या खुर्चीवर मी वाळलेले कपडे ठेवायची. मग मलाही नाद लागला. शेजारणींच्या घरी जे दिसे ते दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येई. कपाटात साड्या साठल्या, लेबलं तशीच. माझ्या नवऱ्याने आयुष्यभर लोकांच्या जुन्या वस्तू चालत्या केल्या आणि त्याच्या बायकोच्या घरात नव्या वस्तू बंद पडून होत्या.

यातलं आता काहीही वाटायचं राहिलेलं नाही. ज्यांना हवं त्यांनी गेल्या हिवाळ्यातच नेलं. टॉवरमधल्या बायकांनीच जास्त नेलं, तेही आनंदाने. सुंदराबाईला विचारलं तर ती म्हणाली, "नले, तुझ्या कपाटातलं उरलंसुरलं आमच्याकडे ढकलू नकोस हां." ते मला पटलं. बेडरूममध्ये आता खाट आहे, पंखा आहे आणि खिडकीपर्यंत सरळ चालत जाता येतं. फार बरं वाटतं.

४. माझ्या पतीची हत्यारं, म्हणजे पंख्याचं वायंडिंग मशीन, मीटर, सोल्डरिंगचं सामान आणि लाकडी पेटी, हे सर्व रुचिराने घ्यावं. सासरच्यांचा मिक्सर तीच उघडून बसते, जावई बॅटरी धरतो.

५. आता गाळा. वकीलबाई म्हणाल्या कारण देण्याची गरज नाही. मला आहे.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सुंदराबाई मला बघायला आली. सोबत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. वॉचमनने तिला पुढच्या लिफ्टपाशी अडवलं. "मावशी, कामवाल्या मागच्या लिफ्टने." ती कचऱ्याच्या ड्रमशेजारी उभी राहून सतराव्या मजल्यावर आली. मला काही बोलली नाही. माझ्या डोळ्यावर पट्टी, मला तिचा चेहराही नीट दिसला नाही. त्यानंतर ती यायचीच बंद झाली. फोन केला की "कंबर दुखते" म्हणायची.

शेवटी मीच चढ चढून तिच्याकडे गेले. दारातच विचारलं, "काय गो, एवढी कसली कंबर?"

"कंबर बरी आहे," ती म्हणाली. "तुझ्या बिल्डिंगमध्ये मला कामवाली समजतात. कामवाली असते तर पगार तरी मिळाला असता."

आणि मग सगळं सांगितलं. सांगताना हसत होती. मला हसता येईना.

दुसऱ्या दिवसापासून मी मागच्या लिफ्टने जायला लागले. भाजी आणायला, दवाखान्यात, लग्नाला जरीची साडी नेसून, सगळीकडे. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी श्री. विकी खाली धावत आले. "आंटी, प्लीज! लोक काय बोलतील?"

"लोकांनी बोलावं म्हणूनच तर जातेय," मी म्हटलं.

"पण रूल आहे ना."

"मग मी पाळतेच आहे. मी कामवालीच. कारखान्यात आयुष्य काढलंय."

हळूहळू दुसऱ्या मजल्यावरचे जोशी पतिपत्नी येऊ लागले, मग आणखी काही म्हातारे. त्या लिफ्टमध्ये गर्दी होऊ लागली. सभेत पुष्कळ आवाज चढले, एका बाईंनी मला नाटकी म्हटलं, तरी लिफ्टपाशी लावलेली "कामवाल्यांनी मागची लिफ्ट वापरावी" ही पाटी उतरली. सुंदराबाई आता पुढच्या लिफ्टने येते आणि आरशात बघून केस सारखे करते.

त्या दिवसांतच मी तिला म्हटलं, गाळा तुझ्या नावावर करते. ती चिडली. "मला कशाला? तुझ्या पोरांनी मला शिव्या घालाव्यात म्हणून?" मग म्हणाली, "माधुरीला जागा हवीय. तिला विचार."

माधुरी तिची मुलगी. महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे. वस्तीतल्या पोरांना घरात टीव्ही, भांडणं, पाहुणे यांत अभ्यासाला कोपरा मिळत नाही, म्हणून ती देवळाच्या ओट्यावर त्यांना घेऊन बसायची. मी किल्ली तिच्या हातात दिली. तिने भिंती रंगवल्या, सतरंज्या घातल्या आणि दारावर "अभ्यासिका" लिहिलं.

सिद्धेशला कळलं तेव्हा घरात वादळ झालं. त्याने बुटांच्या एका मोठ्या दुकानाशी भाड्याचं बोलणं केलं होतं. "आई, तुला कळतंय का? मेन रोडवरची जागा आहे ती! दान करायचं तर दुसरं काही कर ना!"

"दुसरं म्हणजे उरलेलं," मी म्हटलं. तो दार आपटून गेला आणि बरेच दिवस आला नाही. वस्तूसुद्धा पाठवली नाही.

मग एका संध्याकाळी तो त्या बुटवाल्यांना जागा दाखवायला परस्पर गाळ्यात गेला. आत मुलांची सराव परीक्षा चालू होती. माधुरीने मान वर न करता सांगितलं, "चपला बाहेर. आणि बोलायचं नाही, पेपर चालू आहे." बुटवाले बाहेरच थांबले. हा आत जाऊन भिंतीला टेकून खाली बसला. त्याच जागेवरच्या जुन्या दुकानात लहानपणी, आम्ही दोघी कारखान्यात पाळीवर असताना, तो आणि माधुरी माझ्या नवऱ्याच्या टेबलाखाली बसून पाढे लिहायचे. पेपर संपेपर्यंत तो उठला नाही. हे मला माधुरीने सांगितलं.

त्याने मला एवढंच सांगितलं, "त्यांना नाही म्हणून कळवलंय. दे तिला. पण मला ते पटलेलं नाही." न पटताही "दे" म्हणाला, याचं मला जास्त कौतुक आहे. तेव्हापासून तो रविवारी येतो. हात हलवत येतो आणि जेवून जातो.

म्हणून सदर गाळा मी कु. माधुरी शिवदास खरात हिला पूर्ण मालकीने देत आहे. अट कोणतीही नाही. पुढे तिला तिथे अभ्यासिका चालवायची नसेल तर तिने तिथे काय करावं हे तिचं तिने ठरवावं. तिला माझे उपकार मानायला लावू नये.

६. मी गेल्यावर तेराव्याला माझ्या नावाचे स्टीलचे डबे वाटू नयेत. प्रत्येकाच्या घरी डबे आहेत. आलेल्या माणसांना गरम जेवण घालावं, सर्वांना एकाच पंगतीत. सोलकढी रुचिराने करावी, केटररची नको.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी रुचिराने करावी. सिद्धेशने तिला मदत करावी, सल्ले देऊ नयेत.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मीही चष्मा लावून वाचला. तो माझ्या मनासारखा आहे.

सही: नलिनी चंद्रप्रकाश मेस्त्री

साक्षीदार: आम्ही दोघे वर नमूद नलिनीताईंना पुष्कळ वर्षे ओळखतो. या मृत्युपत्रात आम्हाला काहीही मिळालेलं नाही. त्यांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली, आणि त्यांच्या व एकमेकांच्या समोर आम्ही केली. सही करून पेन खाली ठेवताना त्या "सुटलंय गो बाय", म्हणजे सुटले गं बाई मी, असं म्हणाल्या, तेही आम्ही दोघांनी ऐकलं.

१. काशीराम लवू धुरी (सही)
२. किरण मार्तंड जोशी (सही)

स्थळ: मुलुंड (पश्चिम), मुंबई
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५