टायरांची पुडी

तोयोहाशी,
२ एप्रिल २०१७

ति. सुमिएताईस,
तेरुओचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

काकूचे एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी उरकले. गुडघ्यांमुळे तू आली नाहीस ते बरंच झालं. माणसं मोजकीच होती आणि रडणारं कोणी नव्हतं. मीही नाही.

एक काम आहे, हसू नकोस. आठव्या वर्षी मला इकडे काका-काकूंना दत्तक दिलं, तेव्हा बाबांनी माझ्या हातात जोडायच्या मोटारीचं खोकं ठेवलं होतं. गाडी पुरी जोडलीस की तुला घ्यायला येतो, असं म्हणाले होते. मी तीन दिवसांत सगळी जोडली, पण टायरांची पुडीच खोक्यात नव्हती. पोर परत जाईल या भीतीने काकूने ती लपवली, हे मला तेव्हाच कळलं. बावन्न वर्षं मी तिला आई म्हटलं नाही आणि शेवटची चार वर्षं वृद्धाश्रमात ठेवलं, ते काही उगाच नव्हे. मरेपर्यंत तिने कबूल केलं नाही.

आता तसलंच खोकं मिळवून त्यात टायर येत होते की नाही, ते एकदा डोळ्यांनी बघायचंय. गाडी लाल होती, एवढंच आठवतं. असली खेळणी तुमच्या शिझुओकातच बनायची, कुठे विचारून बघशील का? भावोजींना नमस्कार. धाकट्यावर माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
तेरुओ

शिझुओका,
१९ एप्रिल

चि. तेरुओस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. साठी आली नि खेळण्यातली मोटार हवी! म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण म्हणतात, तू मात्र जरा घाईच केलीस. तेरुओला नातवंडं नाहीत म्हणून हे चाळे, असं आमच्या ह्यांचं मत पडलं. चहाची खुडणी तोंडावर आलीय आणि माझे गुडघे बोंबलताहेत, तरी नोझुए खेळणीवाल्याकडे जाऊन आले. दुकान केव्हाच बंद झालंय. आता तिथे केस कापतात.

गाडी लाल नव्हतीच. पांढरी होती, दारावर निळी पट्टी आणि खोक्यावर समुद्राचं चित्र. पण तेरुओ, हा नाद सोड. मेलेल्या माणसाशी भांडून कोणाचं भलं झालंय? काकू वाईट नव्हत्या. नवा चहा आला की पाठवते, पाणी फार उकळू नकोस. जिवाला जप आणि चार ओळी लिहीत जा.

तुझी,
ताई

तोयोहाशी,
२८ मे

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या खुणेवर सापडली. नागोयात जुनी खेळणी जमवणारा एक गृहस्थ आहे, त्याच्याकडे न उघडलेलं खोकं होतं. विकत घेतलं आणि त्याच्यादेखतच उघडलं. बिचारा तोंड फिरवून बसला. टायरांची पुडी खोक्याच्या तळाला पिनांनी ठोकलेली आहे. आपोआप पडणारी नव्हेच, कोणीतरी पिना उचकटूनच काढलेली असणार. झालं, चोर सापडला.

ऑगस्टात ओबोनला पितर घरी येतात, काकूचा तर हा पहिलाच. देवळातल्या भिक्षूंना मी कळवून टाकलं की आमच्याकडे यायची गरज नाही. देव्हाऱ्यातली तिच्या नावाची पाटीही देवळात देऊन टाकतोय. बायको रडतेय. तूही मला दगडाच्या काळजाचा म्हणशील, पण आठ वर्षांचं पोर महिनोन्‌महिने दारात बसलेलं तिने बघितलं आणि तिला पाझर फुटला नाही. चहा पोचला, छान आहे. भावोजींना सांग. आशीर्वाद असू दे.

तुझा,
तेरुओ

शिझुओका,
६ जून

चि. तेरुओस,
आशीर्वाद.

पाटी देऊ नकोस. त्या पिना मी उचकटल्या.

तू निघालास त्या सकाळी बाबांनी मला मागच्या अंगणात बोलावलं. आदल्या रात्री खोकं देताना तू रडत होतास म्हणून त्यांच्या तोंडून ते वचन निघून गेलं होतं, आणि शब्द मोडणाऱ्यांतले ते नव्हते. मग गाडीच पुरी होता कामा नये, असं म्हणाले. मी चौदा वर्षांची होते. त्यांना नाही म्हणायची आपल्या घरात कोणाची छाती होती? पुडी न्हाणीच्या चुलीत टाकली. रबराचा वास दिवसभर गेला नाही.

पंधरा दिवसांनी काकू एकट्या आगगाडीने इकडे आल्या, तुझ्यासाठी टायर घ्यायला. सुटे मिळत नाहीत, असं नोझुएने सांगितलं. मग त्या घरी आल्या आणि माझं तोंड बघूनच त्यांना सगळं कळलं. बाबांना चकार शब्द बोलल्या नाहीत. जाताना मला म्हणाल्या की त्याला सांगू नकोस गं, पोराच्या मनातून बाप उतरण्यापेक्षा मी उतरलेली परवडले.

मला तेच सोयीचं पडलं. तू त्यांना बोल लावायचास आणि मी ऐकून घ्यायचे. मला हव्या तेवढ्या शिव्या दे, पण पत्र पाठव.

सुमिए

तोयोहाशी,
२० जून

सौ. सुमिए यांस,
नमस्कार.

पत्र मिळालं. बाबांना विचारायची सोय नाही, आणि तुम्हाला विचारावं असं काही उरलं नाही.

नववर्षाला वृद्धाश्रमात तिने संत्रं सोलून माझ्यापुढे धरलं होतं. गाडीची वेळ झाली, असं सांगून मी उठलो. वेळ झाली नव्हती. स्टेशनवर चाळीस मिनिटं नुसता बसून होतो. तिच्या हातातलं ते संत्रं मी घेतलं नाही, हे तुमच्या-माझ्यात कोणी वाटून घ्यायचं?

पाटी जागेवरच आहे. भिक्षूंची पाय धरून माफी मागितली, ते यायला तयार झालेत. आईचा पहिला ओबोन आहे. तुम्ही येऊ नका.

कळावे.

तेरुओ