तुझ्या मातीखालचा पाया

छत्रपती संभाजीनगर,
ता. ९ एप्रिल २०२५

चि. सुलेखास आशीर्वाद.

इकडे सगळे मजेत आहेत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं असं समज. तुझी वहिनी बरी आहे. आई बरी आहे, जेवते, भांडते. मी रोज संध्याकाळी चितेगावच्या कंपनीतून धूळ खात घरी येतो. पाव्हण्यांच्या शेतातली अद्रक निघाली का?

फोनच करणार होतो. पण फोनवर आपलं बोलणं दुसऱ्या वाक्याला भांडणावर येतं, म्हणून कागद घेतला. कागदाला मध्येच तोडून बोलता येत नाही.

विषय मागच्या भिंतीचा आहे. तुझ्या वरच्या प्लॉटची माती अडवून धरणारी, अण्णांनी दगडावर दगड रचून बांधलेली भिंत गेल्या पावसाळ्यापासून पोट सुटल्यासारखी पुढे आली आहे. उतारावरचं पाणी तिच्यामागे साचतं, त्याला बाहेर पडायला वाट नाही, मग ते भिंतीलाच ढकलतं.

अण्णांच्या माघारी तू हक्कसोडावर सही केली नाहीस. सगळ्यांच्या बहिणी करतात, तू केली नाहीस. मग मीही हट्टाला पेटलो आणि वाटणीत तुला वरचा उतार दिला. घे म्हटलं, शेळ्यासुद्धा घसरतात तिथे. आता तो उतार माझ्याच घराच्या पाठीवर येऊन बसलाय. करावं तसं भरावं, असं म्हणशील. म्हण.

उस्मानपुऱ्यातल्या एका इंजिनिअर मॅडमना दाखवलं. प्रेरणा नाव, वयानं आपल्या लेकीसारखी. तिनं वरखाली चढून सगळं पाहिलं आणि म्हणाली, ही भिंत डागडुजीनं टिकायची नाही, सळई घालून काँक्रीटची नवी बांधा. पेपरच्या कोऱ्या जागेवर तिनं इंग्रजी एल काढून दाखवला. उभी रेघ म्हणजे भिंत. आडवी रेघ म्हणजे पाया, तो जमिनीखालून पाच फूट मागे जाणार.

मी म्हटलं, पाया माझ्या बाजूला घ्या की. तर म्हणाली, "घेता येतो काका, पण मग बराच लांब काढावा लागंल, तुमची पडवी जाईल. मागं घेतला तर वरची माती त्याला दाबून धरते. अशी भिंत नुसत्या सिमेंटवर नाय उभी राहत, त्या मातीच्या वजनावर राहते."

ती माती तुझी आहे. पाया तुझ्या जमिनीखाली जाणार. म्हणून हे पत्र.

काम कसं होईल तेही सांगतो. तळ कडक मुरमापर्यंत न्यायचा. भिंतीच्या मागे खडीचा थर आणि भिंतीतून आरपार पाइप, म्हणजे पाणी साचणार नाही. मागे काळी माती अजिबात भरायची नाही, ती पाण्यानं फुगते. निघालेला मुरूमच थराथरानं चोपून भरायचा. काँक्रीटला ओलं ठेवायला पाणी लागतं आणि आपल्या नळाची तऱ्हा तुला ठाऊक आहे, तेव्हा टँकर सांगून ठेवलाय. झाल्यावर वरून जमीन पहिल्यासारखी दिसेल. भाजीपाला लावता येईल, पण त्या पट्ट्यात खोल खोदता येणार नाही, मोठं झाड लावता येणार नाही. हे आधीच सांगितलेलं बरं.

आता जे लिहायचं टाळत होतो ते. गुत्तेदार मोतीराम मला म्हणाला, "जमिनीखालचं कोणाला दिसतंय? बहीण बसली पिशोरला. हाणू मशीन." आणि मी हो म्हणालो. गेल्या रविवारी जेसीबी आलासुद्धा. आईनं पाहिलं, आणि थोड्या वेळानं बघतो तर ती तुझ्या हद्दीत बाज टाकून, छत्री उघडून बसलेली.

"ही माझ्या लेकीची जागा हाय. तिला इचारलं का?"

मोतीराम म्हणाला, "आजी, ऊन लागंल."

"लागू दे. तुला लई कळवळा आलाय!"

कॉलनीतली माणसं गच्चीवर येऊन बघत होती. जेसीबीवाला तसाच परत गेला. एवढी जड बाज आईनं वर कशी नेली म्हणून चौकशी केली, तर ती तुझ्या वहिनीनं नेऊन दिलेली. म्हणजे घरातलं एकही माणूस माझ्या बाजूला नव्हतं.

आणि "आई बरी आहे" हेही अर्धंच लिहिलंय. तिची खोली मागची, मध्ये पडवी सोडली की लगेच ती भिंत. खोलीला तडा गेलाय, त्यात बोट जातं. पुढच्या खोलीत ये म्हणून हात जोडले, तर म्हणते, "पोरीचा निरोप आल्याबिगर हलायची नाय." जून लागला की पाऊस. परवा अवकाळीचे ढग नुसते दिसले तर मी अर्धी रजा टाकून घरी आलो. मला भीती वाटते, सुलू.

तू हो म्हणालीस तर खोदतो. नको म्हणालीस तर पडवी पाडतो आणि पाया माझ्या बाजूला घेतो, त्यावर माझं काही म्हणणं नाही. आपले चुलते काकासाहेब सुचवून गेले, की या निमित्तानं तिला बोलव आणि हक्कसोडाची सहीही उरकून घे. त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. सही नको. जमीन तुझी आहे. मालकीण म्हणून एकदा येऊन जागा बघ, कुठपर्यंत खोदायचं ती रेघ तूच मार. मगच मशीन बोलावतो.

तुझ्या जमिनीच्या खालच्या अंगाला राहणारा,
बद्रीनाथ


पिशोर,
ता. १६ एप्रिल २०२५

दादास नमस्कार.

पत्र पोचलं. अद्रक निघाली. इकडे सगळे खरोखरच बरे आहेत.

आधी आईला फोन केला. म्हटलं, ऊठ आणि पुढच्या खोलीत जा. ती म्हणाली, "तू मनापासून हो म्हणतीस का त्यानं धमकावलं?" म्हटलं, मनापासून. एव्हाना गेली असेल. गेली नसेल तर वहिनीला सांग, तिचं ऐकते.

खोद. पाच फूट लागो नाहीतर सहा. माझी आहे तेवढी माती तुझ्या पायावर घाल, वजन कमी पडू देऊ नकोस. पाइप मात्र नीट बसवून घे, मोतीरामच्या भरवशावर राहू नकोस. मला तिथे झाड लावायचं नाही की घर बांधायचं नाही. अण्णांच्या जागेवर माझंही नाव असावं, एवढंच हवं होतं. तू विचारलं असतंस तर तेव्हाच सांगितलं असतं.

रेघ मारायला मी येणार नाही. त्या मॅडम मारतील, त्यांना जास्त कळतं. तुझं पत्र मी पुन्हापुन्हा वाचलं, दादा. त्यात तू मला मालकीण म्हणून बोलावलंस. मालकिणीनं परवानगी दिली, तिचं काम संपलं.

दर भाऊबिजेला मी ताट करून ठेवते. संध्याकाळी चंद्राला ओवाळते आणि ताट उचलून ठेवते. राग येतो, रडूही येतं. बहीण म्हणून बोलावणार असशील तर तसं लिही, मी मिळेल त्या गाडीनं येईन. आणि नाही लिहिलंस, तरी माती तिथेच राहील. ती मी काढून घेणार नाही.

तुझी बहीण,
सुलेखा