ऑस्टिनला अँबॅसडरची चाकं

लोणावळे,
सोमवार, ता. १२ फेब्रुवारी १९६८

चि. सौ. कस्तुरा हिस,
अनेक आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरू नकोस. घरी सगळे सुखरूप आहेत. तुझ्या आईचा गुडघा थंडीत धरतो, पण चालती-फिरती आहे. तिची तुला येणारी पत्रं शेजारच्या बयाबाई लिहून देतात, हे मला माहीत आहे. मी कधी अडवलं नाही, आणि खाली दोन ओळी जोडल्याही नाहीत. चार वर्षं झाली. मळवलीच्या वावरात यंदा हरभरा बरा आहे. तांबडी गाय व्याली, कालवड झाली.

हे सांगायला काही मी लिहायला बसलो नाही.

डॉक्टर नंदाबाई तुला आठवत असतील. तुझा मोडलेला हात त्यांनीच बसवला होता. त्यांची ती काळी ऑस्टिन, अडतीस सालची, अजून चालते. स्वतः चालवतात. नव्या गाडीसाठी नाव नोंदवून पाच वर्षं झाली, नंबर लागत नाही. आणि उर्से, परंदवडीच्या वरच्या ठाकरवाड्यांपर्यंत बाई जातात ते त्याच गाडीनं. दिवाळीनंतर तिच्या दोन चाकांना बोल्टाच्या भोकांपाशी चिरा गेल्या. तसली चाकं आता मिळत नाहीत, त्या मापाचे टायरही नाहीत. मी म्हणालो, चारही चाकं अँबॅसडरची बसवून देतो.

तू गॅरेजात वाढलीस, तुला कळेल. ऑस्टिनच्या चाकाला पाच बोल्ट, अँबॅसडरच्या चाकाला चार. मध्ये एक जाड चकती घालावी लागते. तिची पाच भोकं गाडीच्या हबवर, म्हणजे चाक धरणाऱ्या तबकडीवर, बसतात आणि तिच्यातून बाहेर आलेल्या चार बोल्टांवर नवं चाक चढतं. तिला अडॅप्टर म्हणतात. चाक आत कुठे घासत असेल, तर ते बाहेर सरकवायला आणखी एक साधी चकती, तो स्पेसर. दिसायला एवढंच काम. मी लोहाराकडून जाड लोखंडी प्लेट कापून आणली, कंपासनं खुणा केल्या आणि ड्रिलनं भोकं पाडली. पुढची चाकं घासत होती, म्हणून मागे बिडाची एकेक चकती घातली. चार दिवसांनी बाई आल्या, म्हणाल्या, "दत्तोबा, स्टिअरिंग थरथरतंय." मी सांगितलं, टायर नवे आहेत, बसतील.

नाही बसले, कस्तुरा.

चार जानेवारीला दुपारी बाई वरच्या वाडीतून गंगी नावाच्या बाळंतिणीला घेऊन तळेगावच्या दवाखान्यात निघाल्या होत्या. मूल आडवं होतं. सोबत तिची सासू हिरी. परंदवडीच्या पुढे डाव्या हाताचं पुढचं चाक बोल्टांसकट निखळलं आणि वावरात गेलं. गाडी ब्रेकच्या ड्रमवर घसरत बांधाला टेकली. बाईंच्या कपाळाला खोक पडली. तशा अवस्थेत त्यांनी मागच्या सीटवर मूल हातानं फिरवून बाळंतपण केलं. मुलगी झाली. दोघी जगल्या.

मी ट्रक घेऊन गाडी ओढायला गेलो, तेव्हा ती हिरी माझ्यापुढे हात जोडून म्हणाली, "देवावानी आलात बाबा." मी वावरातून चाक उचलून आणलं. चकती त्याला तशीच चिकटलेली होती.

बाई मला एक शब्द रागानं बोलल्या नाहीत. पट्टी बांधलेल्या कपाळानं दुसऱ्या दिवशी गॅरेजात आल्या, तुटलेले बोल्ट हातात घेऊन पाहिले आणि म्हणाल्या, "मला गाडी लागणारच आहे. हे काम मापात करणारा माणूस तुम्हाला ठाऊक आहे का?"

ठाऊक होता, तुझ्याच घरातला. पुढे काय झालं ते तुला माहीत नसेल, कारण तो बोलला नसेल. मीच त्याला तसं सांगितलं होतं.

मी घोरावाडीला उतरलो. स्टेशनातून तुमची चाळ दिसते. दोरीवर तुझं हिरवं लुगडं वाळत होतं. मी मान खाली घालून सरळ तो काम करतो त्या वर्कशॉपात गेलो. शिदू लेथवर होता. मला पाहून त्यानं मशीन बंद केलं, हात पुसले आणि पहिलं विचारलं, "आई बऱ्या हायेत न्हवं?"

मी पिशवीतून बिडाचा स्पेसर आणि चकती काढून त्याच्यापुढे ठेवली. कुणाची, कुणी केली, त्यानं विचारलं नाही. बोटानं मधल्या भोकाची कड चाचपली, मग प्रत्येक भोक पाहिलं. म्हणाला, "आबा, मदलं भोक मोठं झालंय. ही चकती हबवर बसलीच न्हाई, नुसती बोल्टांवर लटकली. बोल्टांनी दाबून धरायचं आस्तं. वजन हबनं घ्यायचं."

मग हलकेच, "आन् दोन चकत्या एकावर एक नगंत. एकच घ्यावी, घडीव पोलादाची. बीड तडकतं."

चाळीस वर्षं या धंद्यात आहे मी. माझ्या हाताखाली जो पोरसवदा वयात झाडू मारायला आला, तो मला हे सांगत होता, आणि सांगताना त्याच्या आवाजात विजय नव्हता. तसा विजय असता तर मला सहन करणं सोपं गेलं असतं.

मी म्हणालो, "घरी कळू देऊ नकोस."

तो म्हणाला, "खोटं न्हाई बोलनार आबा. लोनावळ्याला काम हाय, येवढंच सांगन."

तीन रविवार तो सकाळच्या गाडीनं आला. ज्या गॅरेजातून मी त्याला हाकललं होतं, त्याच गॅरेजात. पहिल्या रविवारी त्यानं काहीच बनवलं नाही, नुसतं मोजलं. हबचा उंचवटा व्हर्नियरनं चार बाजूंनी मोजला. मला वाटत होतं, चकती चांगली दोन इंच जाड घ्यावी, म्हणजे घासण्याचा प्रश्नच मिटेल. तो म्हणाला, "चाक जितकं भाईर, तितका बेरिंगवर भार. लागंल तितकंच भाईर काढू." मग म्हणाला, "थोडी कणीक मिळंल का?"

मी आत गेलो. तुझ्या आईनं विचारलं, कोण आलंय. मी म्हटलं, एक टर्नर. ती खिडकीशीच उभी होती, तिला सगळं दिसत होतं. तिनं कणीक तिंबली.

चाकामागे चकतीऐवजी लाकडाच्या पट्ट्या लावून त्यानं चाक चढवलं. टायर आणि स्टिअरिंगचा दांडा यांच्या मध्ये कणकेचा गोळा ठेवला, मला सांगितलं, स्टिअरिंग पुरतं फिरवा. गोळा दाबला गेला, तो काढून त्याची जाडी मोजली. मग मडगार्डच्या बाजूला तसंच. पुन्हा पट्टी बदलून तसंच. दुपारपर्यंत सहा वेळा. शेवटी सव्वा इंच ठरलं, पुढच्या चाकांना. मागच्यांना त्याहून पातळ. मी इतकी वर्षं अंदाजाला अनुभव म्हणत आलो, हे मला त्या दिवशी कळलं.

त्या दुपारी त्यानं बाहेर जांभळीखाली बसून आपली भाकर खाल्ली. मी आत जेवलो. हे लिहिताना लाज वाटते, पण झालं तसं लिहितो. तुझी आई मला वाढत होती आणि तिनं स्वतः त्या दिवशी पान घेतलं नाही.

दुसऱ्या रविवारी तो चार चकत्या करून घेऊन आला. आठवडाभर कामाचे तास संपल्यावर त्यानं त्या काढल्या होत्या. तीन हबवर अशा बसल्या, की हातानं दाबल्यावर आतली हवा सुस्कारा टाकून बाहेर आली. चौथी बसली, पण किंचित हलत होती. केसभर. मी म्हणालो, चालेल. त्यानं ती काढून पुन्हा फडक्यात बांधली.

"चालंल आबा," तो म्हणाला, "पर बाईंच्या गाडीत आमच्या वाडीची मान्सं बसत्यात."

त्या दुपारी मी माझं ताट उचललं आणि जांभळीखाली जाऊन त्याच्या शेजारी बसलो. त्याला घरात ये म्हणायला माझी जीभ वळली नाही, म्हणून मीच बाहेर गेलो. त्यानं सरकून जागा दिली. तुझ्या आईनं मागून तांब्या आणला, दोघांच्या मध्ये ठेवला आणि मग तिथंच बसली. ती तुझ्याबद्दल विचारत राहिली, तो सांगत राहिला. तू शिवणाचा क्लास घेतेस, हे मला तिथं कळलं.

तिसऱ्या रविवारी चौथी चकती बसली. मी चालवायला, तो शेजारी, उर्स्यापर्यंत गेलो. चाळीसच्या वेगावर त्यानं मला स्टिअरिंगवरचे हात सैल सोडायला सांगितले. गाडी सरळ गेली, चाक थरथरलं नाही. उर्स्याला उतरून त्यानं प्रत्येक नट पान्यानं पुन्हा ओढून पाहिला, आणि बाईंना सांगून ठेवलं, की पन्नास मैलांनी परत ओढून घ्या, मग दर महिन्याला. परवापर्यंत गाडी सहाशे मैल चालली आहे. बाई गंगीच्या मुलीला टोचायला वर वाडीत जाऊन आल्या.

आता राहिलेलं लिहितो. ते टाळण्यासाठीच चाकांचं एवढं लांबवलं.

तुमचं लग्न झालं, तेव्हा मी शिदूला कामावरून काढलं, हे तुला माहीत आहे. शिवाय मी लोणावळ्यातल्या तिन्ही गॅरेजांत जाऊन सांगितलं होतं, या ठाकराच्या हाताला माप नाही, ह्याचं काम रस्त्यात सुटेल. म्हणून त्याला इथं कुणी उभं केलं नाही, म्हणून तुम्ही घोरावाडीला गेलात. मी खोटं बोललो होतो. त्याच्या हाताला माप आहे हे मला तो अठरा वर्षांचा होता तेव्हापासून दिसत होतं. तू माझ्या मनाविरुद्ध गेलीस, त्याचा राग मी त्याच्या कसबावर काढला. कारागिराची दुसरी कसली मिळकत असते?

त्याला हे ठाऊक होतं. उर्स्याला नट ओढताना मी विचारलं, "तुला माहीत होतं?" तो खाली वाकलेलाच म्हणाला, "व्हय. केरबानं तवाच सांगितलंतं." केरबा म्हणजे बाजारपेठेतला गॅरेजवाला. एवढंच बोलला, आणि पुढच्या नटाकडे वळला.

परवा मी तिन्ही गॅरेजांत जाऊन आलो. तेव्हा जे बोललो ते खोटं होतं, आणि माझं काम रस्त्यात सुटलं, त्याचं नाही, असं सांगितलं. केरबाकडे चार माणसं बसली होती, त्यांच्यासमोर सांगितलं. डॉक्टरबाई नट ओढून घ्यायला आल्या, तेव्हा त्यांनाही चूक माझी होती हे बोललो. त्यांना ते आधीच कळलं होतं. त्यांनी विचारलं, "पण हा कारागीर तुमचा कोण?" मी म्हणालो, "माझा जावई." तुझी आई तिथं होती. ती पदर तोंडाला लावून आत गेली.

तुम्ही इकडे परत या, असं मी म्हणत नाही. तिथं तुमचं बस्तान बसलं आहे. येत्या रविवारी आम्ही दोघं सकाळी घोरावाडीला येऊ म्हणतो. तुला नको असेल तर दोन ओळी टाक, मी राग मानणार नाही. हे पत्र शिदूला वाचून दाखव. त्याच्यासमोर एवढं सगळं माझ्या तोंडून निघणार नाही.

तुझा बाप आणि शिदूचा सासरा,
दत्तोबा