उलट्या ज्वाळांची सायबीण

मी, अँजेलिना पास्कल तुस्कानो, वय बहात्तर, निवृत्त शिक्षिका, अविवाहित, राहणार गिरीज, तालुका वसई, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणी दडपण आणलेले नाही. मात्र मी फार घाबरलेली आहे. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, हे कागदावर नको." मुलांना आयुष्यभर खरे लिहायला शिकवले, आता मरणाच्या दारात खोटे कसे लिहू? उद्या सकाळी हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनसाठी दाखल व्हायचे आहे. पण ऑपरेशनपेक्षा जास्त भीती ज्याची वाटते ते कलम चारमध्ये आहे.

कलम १. मागची केळीची वाडी आणि तिथल्या बावखलाच्या, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्याच्या, पाण्याचा हक्क माझा भाऊ स्टॅनी यास. पाण्याचा पंपही त्यालाच. तो त्याने नऊ वर्षांपूर्वी "दोन दिवसांसाठी" नेला होता. आता निर्धास्त वापरावा.

कलम २. पुस्तके व नकाशे शाळेस. बँकेतल्या ठेवीतून माझा अंत्यविधी करावा, उरेल ते भागूबाईस. अठरा वर्षे तिने हे घर झाडले आणि माझ्या तोंडाचा पट्टा सोसला.

कलम ३. राहते घर अर्धे स्टॅनीस, अर्धे माझी धाकटी बहीण फ्लॉसी हिस. हे नाव मी बेचाळीस वर्षांनी लिहीत आहे.

कलम ४. ओटीवरचे चित्र. गावाला ते ठाऊकच आहे: अनवाणी बाई, हातात उंच मेणबत्ती, झग्यावर ज्वाळा. आम्ही तिला दिव्याची सायबीण, म्हणजे मरियामाता, म्हणतो. ज्वाळांची तोंडे खाली आहेत, कारण सायबीण नरकाची आग पायदळी तुडवते, असे आजी सांगायची. बाया बाळंतपणाआधी तिच्यापुढे मेणबत्ती लावतात. फ्लॉसी सात वर्षांची असताना म्हणाली होती, "पप्पा, ती रडतेय." पप्पांनी तिच्या थोबाडीत दिली.

१९८४ साली फ्लॉसीने विरारच्या जयवंत पाटलांशी रजिस्टर लग्न केले. पप्पांनी मला आणि स्टॅनीला या चित्रावर हात ठेवायला लावले. "सायबिणीची शपथ घ्या. या घरात तिचं नाव निघालं, तर घेणाऱ्याची जीभ झडेल." मी तीस वर्षांची, दहावीला विज्ञान शिकवणारी! तरी घाबरले आणि शपथ घेतली. जयवंतरावांच्या मयतालाही गेले नाही. एकदा बाजारात ती समोरून आली, तेव्हा मी मान खाली घालून कोथिंबिरीच्या जुड्या चाळत राहिले. असली मी भित्री.

गेल्या वर्षी नाताळच्या आधी साफसफाईत चित्राची काच फुटली. स्टॅनी म्हणाला, "जुनं आहे, लाखांत जाईल, विकून टाक." माझी विद्यार्थिनी स्वप्ना मुंबईत जुने कागद दुरुस्त करते. तिला दाखवले. तिने भिंग लावले. चित्राच्या कडेने कागदात दाबाची चौकट उमटली होती. तांब्याच्या पत्र्यावर मेण फासायचे, सुईने रेघा ओढायच्या, त्या तेजाबाने खोदायच्या आणि शाई भरून छापायचे, अशी ही जात. खाली फ्रेंच अक्षरे निघाली, आमच्याच मेणबत्त्यांच्या काजळीखाली दडलेली. त्या अक्षरांवरून तिने दोन महिने शोध घेतला आणि हे पान ज्या पुस्तकातून कापले, त्याची दुसरी प्रत सापडली. पान सुमारे तीनशे वर्षांचे. किंमत, मेणाचे डाग धरून, एका नव्या पंपाइतकी.

"टीचर, जरा बसून ऐका," स्वप्ना म्हणाली. "ही संत नाही. गोव्याच्या जुन्या धर्मन्यायालयाने शिक्षा सुनावलेली बाई आहे. मेणबत्ती गुन्हेगाराच्या हातात देत."

चार पिढ्या आम्ही कोणापुढे गुडघे टेकले? गावाला कळले तर माझ्या दारात कोण उभे राहील? तेव्हापासून मी ओटीवर एकटी बसत नाही.

"आणि ज्वाळा?" मी कसेबसे विचारले.

"सरळ ज्वाळा म्हणजे जाळायची. उलट्या म्हणजे गुन्हा कबूल केला, आगीतून सुटली. हिला सोडलंय, टीचर."

म्हणजे फ्लॉसी सातव्या वर्षी खरे बोलली होती. आणि माझी शपथ कोणा संताची नव्हतीच. एका घाबरलेल्या बाईपुढे दुसरीने घेतलेली ती. तरी फोन लावायला मला पंधरा दिवस लागले. तीन दिवसांपूर्वी लावला.

"फ्लॉसी?"

पलीकडून आवाज आला, "अँजू? जीभ आहे ना गं जागेवर?"

मी रडले. मृत्युपत्रात हे लिहायचे कारण नाही, तरी लिहिते.

सदर चित्र फ्लॉसीस द्यावे.

कलम ५. हे आज दुपारी वाढवत आहे. शेजारचा फेबियन साक्षीला आला होता. कलम चार वाचून त्याने पेन खाली ठेवले. "टीचर, माझी दोन्ही पोरं हिच्या मेणबत्तीवर झाली. मी सही नाही करायचो." क्रूसाची खूण करत तो पायऱ्या उतरला आणि अर्ध्या तासात आळीभर झाले. आता दुसरे कोणी फिरकत नाही. साक्षीदार दोन लागतात, आणि हजर एकटी स्वप्ना.

फोननंतर माझ्याकडे राहायला आलेली फ्लॉसी म्हणाली, "मी करते."

वकीलसाहेबांनी फोनवर बजावले, जिला मिळायचे तिनेच साक्ष केली तर तिचा वाटा रद्द होतो. मी नको नको म्हटले.

"जाऊ दे गं वाटा," ती म्हणाली. "या घरात माझं नाव निघायचं नव्हतं ना? मग या घराच्या कागदावर मला ते माझ्या हाताने लिहू दे."

चित्र मी आत्ताच तिच्या मांडीवर ठेवले. जिवंतपणी दिलेले रद्द होत नाही. अर्ध्या घराचा नवा कागद ऑपरेशननंतर करीन. त्यासाठी मला उठावे लागेल. उठेन की नाही याची भीती वाटते. फ्लॉसी म्हणते, उद्या इस्पितळात आतल्या दारापर्यंत ती माझा हात धरून येणार आहे.

ठिकाण: गिरीज, वसई
दिनांक: २४ फेब्रुवारी २०२६

(सही) अँजेलिना पास्कल तुस्कानो

टीचरांनी आमच्या देखत सही केली, आम्ही त्यांच्या देखत करतो.

साक्षीदार १: (सही) स्वप्ना सुमेध राऊत. नाते: विद्यार्थिनी.

साक्षीदार २: (सही) फ्लॉसी जयवंत पाटील, माहेरची तुस्कानो. नाते: सख्खी बहीण.