बाईसाहेबांच्या माशा आणि माझा चष्मा

तीर्थरूप मामांच्या चरणी,

साष्टांग नमस्कार घालायचा होता, पण कमरेत उसण भरली आहे, तेव्हा उभ्याउभ्याच केलेला गोड मानून घ्यावा. (उसण का भरली ते पुढे येईलच.) आम्ही इकडे खुशाल आहोत, आणि जे मध्यंतरी खुशाल नव्हते तेही आता बरे होत आले आहेत. तुमचा नवा गुडघा कसा आहे? तुमच्या घरून ताई फोनवर म्हणाली की तुम्ही जिना चढायला लागलात आणि व्यायाम करून घेणाऱ्या बाईंशी भांडायलाही लागलात. म्हणजे तब्येत मूळपदावर आली, असं धरून चालतो आणि जरा कठीण गोष्टी सांगायला घेतो.

मामा, ऑपरेशनला जाताना तुमची घोडी माझ्या अंगणात बांधून तुम्ही म्हणाला होतात, की आता काही मला घोड्यावर बसणं होणार नाही, तिला विकायची आहे, हॉटेलवाले येऊन बघून जातील, तोवर सांभाळ, गरीब जनावर आहे. त्यातलं जनावर एवढंच खरं निघालं. मी चष्म्याचं दुकान चालवणारा माणूस. माझ्याकडची गिऱ्हाइकं दोन पायांवर येतात, यंत्रावर हनुवटी टेकवतात आणि सांगितलेली अक्षरं वाचतात. घोडीशी कसं वागायचं हे मला कोणी शिकवलेलं नाही. तरी स्कूटरची शेड रिकामी केली, स्कूटर पावसात काढली (ती मग ढकलल्याशिवाय सुरू होईना, पण तो विषय वेगळा) आणि बाईसाहेबांना तिथे मानाने ठेवलं. पहिले काही दिवस बरे गेले. मग माशा आल्या.

तुमच्या बाईसाहेब नाकावर माशी बसू देत नाहीत हे मला ठाऊक होतं, पण मी ते त्यांच्या स्वभावाविषयी समजत होतो. डोळ्यांच्या कडांना, कानांत, पोटाखाली, सगळीकडे झुंबड. बाईसाहेब दिवसभर पाय आपटायच्या, मान झटकायच्या आणि शेपटी अशी फिरवायच्या की एकदा मी पाण्याची बादली ठेवायला वाकलो असताना माझा चष्मा उडून खाली पडला आणि त्यावर त्यांनी शांतपणे खूर ठेवला. गिऱ्हाइकाला संध्याकाळपर्यंत चष्मा करून देणारा मी, स्वतःचा करायला आठवडा घेतला. इथेच घोड्याने पेंड खाल्ली. कारण नेमक्या त्याच आठवड्यात मी बिनचष्म्याचा बाजारात गेलो आणि हार्डवेअरच्या दुकानातून माशांचं औषध घेऊन आलो. बाटलीवर माशीचं मोठं चित्र होतं आणि त्यावर तांबडी फुली. माशी दिसली, फुली दिसली. आणखी काय वाचायचं असतं?

एवढ्यावर भागलं असतं तरी निभावलं असतं. पण शेजारचे कंपाउंडर तुम्हाला आठवत असतील. निवृत्त झाले तरी त्यांचा हात मिक्स्चर बनवायला अजून शिवशिवतो. ते कुंपणावरून डोकावून म्हणाले की नुसत्या औषधाला जोर नसतो. त्यांनी घरातून निलगिरीचं तेल आणलं, लिंबाच्या वासाचं कसलंसं तेल आणलं, शिवाय व्हिनेगर, आणि सगळं बाटलीत ओतून अशी काही हलवली की तीस वर्षांचा अनुभव मनगटात दिसावा. मी विचारलं की जनावराला चालेल ना? ते म्हणाले, माणसाला चालतं. उंटावरचा शहाणा म्हणतात तो घोड्यालाही पुरून उरतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मी बाईसाहेबांच्या कानाजवळ उभा राहून फवारा दाबला. फुस्स असा आवाज झाला. त्यांना वाटलं असावं साप. त्या एकदम आडव्या सरकल्या आणि मी शेडच्या भिंतीत आणि त्यांच्या पोटात वहीतल्या पानासारखा चेपलो. (उसण ती ही.) तरी मी पुरुषार्थाने बाटली रिकामी केली. पाठ, मान, तोंड, सगळं. माशा खरोखर उडाल्या. मी घरात जाऊन बायकोला म्हणालो, बघ, काय अवघड होतं? चहा अर्धा झाला नसेल, तोच शेडमधून असा काही आवाज आला की कप हातातून निसटला.

मामा, इथे मला विनोद सुचत नाही. बाईसाहेबांच्या मानेवर आणि कुशीवर टपोऱ्या गांधी उठल्या होत्या. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्या अंग खांबाला घासत होत्या आणि मला बघितल्यावर मागे सरकल्या. लाथ मारली असती तर बरं वाटलं असतं. बायकोने मला बाजूला केलं, बागेची नळी लावली आणि हलक्या धारेने तिला धुवत राहिली. डोळ्यांवरून ओंजळीने स्वच्छ पाणी सोडत राहिली, एकीकडे मानेने फोन दाबून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावून घेतलं. मी काय केलं विचाराल तर नळीचं दुसरं टोक धरलं, जे नळाला आधीच घट्ट बसवलेलं होतं.

डॉक्टरीणबाई आल्या, इंजेक्शन दिलं, डोळे तपासले, डोळे वाचले आहेत असं म्हणाल्या. मग बाटली उचलून त्यांनी मला विचारलं, "तुम्ही चष्मे विकता ना?"

मी हो म्हणालो.

"मग हे वाचा."

मी बाटली हातभर लांब धरली, मग जवळ धरली. शेवटी बायकोने ती घेतली आणि मोठ्याने वाचलं, "फक्त रिकाम्या गोठ्यासाठी. फवारणीपूर्वी जनावरे बाहेर काढावीत." कंपाउंडर तेवढ्यात कुंपणापलीकडून नाहीसे झाले.

बाईंनी मग माझी जी शाळा घेतली ती तुमच्याही कामाची आहे म्हणून लिहितो. औषध घोड्यांसाठीच बनवलेलं घ्यायचं. गोठ्याचं नाही, कुत्र्याचं नाही, माणसाचं तर नाहीच. लेबल पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचायचं, किती आणि किती वेळाने लावायचं त्यासकट. त्यात काही म्हणजे काही मिसळायचं नाही (हे त्या कुंपणाकडे बघून मोठ्याने म्हणाल्या). आधी अंगावरची धूळ आणि घाम काढायचा, मग खांद्यावर तळव्याएवढ्या जागेत लावून दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघायची. तोंडावर फवारायचं नाही. हातमोजा घालून फडक्यावर औषध घ्यायचं आणि डोळे, नाकपुड्या, ओठ सोडून पुसायचं. जखमेवर नाही, खोगिराच्या खाली नाही. आणि हे सगळं कातडी पूर्ण बरी झाल्यावर, तोवर डोळ्यांवर जाळीचा मुखवटा. हे सांगून त्या शेडच्या मागे गेल्या, आणि तिथे खरी माशी शिंकली. लीद लांब नेऊन टाकायचा कंटाळा म्हणून मी तिथेच ढीग घातला होता आणि घरात सांगितलं होतं की गुलाबांना खत होतंय. बाई म्हणाल्या की माशांना पाळणाघर काढून देऊन वर औषध कसलं मारता? तो ढीग मी कमरेला पट्टा बांधून त्याच दिवशी उपसला, आणि खोटं कशाला बोलू, निम्म्या माशा औषधाच्या थेंबाशिवाय गेल्या.

मुखवटा मात्र मी बसवला. जाळी डोळ्यांना टेकता कामा नये, कानांमागे काचता कामा नये. हा तर माझाच धंदा. पण बाईसाहेब मला जवळ येऊ देईनात. मग डॉक्टरीणबाईंच्या सल्ल्याने मी नुसत्या पाण्याची फवाऱ्याची बाटली घेऊन अंगणाच्या टोकाला बसायला लागलो. लांबूनच फुस्स करायचं आणि गप्प बसायचं. रोज थोडं पुढे सरकायचं. रस्त्यावरचे लोक थांबून बघत. बायकोने त्यांना सांगितलं की यांचा चष्मा नवा आहे, डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात सवय होईल, आणि लोकांना ते पटलं. होता होता परवा मी अगदी जवळ बसून फुस्स केलं, तर बाईसाहेबांनी हलूनही बघितलं नाही, उलट येऊन माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि माझा चांगला धुतलेला सदरा लाळेने खराब केला. असा हा सगळा मनस्ताप.

त्यातच मध्यंतरी हॉटेलवाले येऊन गेले. अंगावर कुठे खपल्या, कुठे केस गळालेले, तोंडावर मुखवटा, अशा अवस्थेत त्यांनी तिला बघितलं आणि दारातूनच परत फिरले. सौदा मोडला. मला फार वाईट वाटलं. मी माझ्या परीने जेवढं करता येईल तेवढं केलं, पण गिऱ्हाइकाचं मन आणि घोडीची शेपटी कुठे वळेल सांगता येत नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नये. आता खपल्या पडल्या आहेत, डोळे स्वच्छ आहेत, घोड्यांचं औषध खांद्यावर लावून पाहिलं ते सोसलं आहे. ताईला नमस्कार. गुडघ्याला जपावे.

तुमचा भाचा

ता. क. १: वर "जेवढं करता येईल तेवढं केलं" असं लिहिलं आहे, ते बायको म्हणते नीट फोडून लिही. हॉटेलवाल्यांनी विचारलं की ही काय साथबीथ आहे का? आठवड्यात बरं होईल, औषधाची जळजळ आहे, असं मी सांगणारच होतो. पण त्याआधी ते सांगून बसले की घोडी हॉटेलच्या फाटकाशी दिवसभर उभी करायची आहे, डोक्याला तुरा लावून, पाहुण्यांना फोटो काढायला. उन्हात का, असं मी विचारलं. ते म्हणाले, फोटोला ऊन चांगलं. त्यावर मी फक्त त्यांच्यासमोर माझा हात कोपरापर्यंत कराकरा खाजवला.

ता. क. २: शेडला पंखा लावला आहे आणि स्कूटर भंगारात दिली, तेव्हा जागेचा प्रश्न नाही. तुम्हाला आता तिच्यावर बसायचं नाही आणि मला बसता येत नाही, म्हणजे दोघांत भांडणही नाही. तिला इथेच राहू द्या. मामा, एवढंच मागायला हे पत्र लिहिलं.

ता. क. ३: हॉटेलवाले खातरजमा करायला तुम्हाला फोन करतील. तुमच्या तोंडून खोटं निघणार नाही, हे मला माहीत आहे, आणि मी तसं सांगणारही नाही. घोडीची तब्येत विचारली तर "आता बरी आहे" एवढंच म्हणा. फक्त म्हणण्याआधी जरा खोका.