न जाण्याची ताकद

आई, तू जाऊन एकतीस वर्षं झाली. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून मी निवृत्तही झालो, पण त्या तीन दिवसांबद्दल तुझ्याशी कधी बोललो नाही.

सत्तर-एकाहत्तरचा उन्हाळा. महाल वस्तीतल्या आपल्या खोलीत तू विणकरांसाठी कांड्यांवर सूत भरते आहेस, मी बी.ए.च्या परीक्षेचं वाचतो आहे. दुपार झाली की तू पातळ वरणभात घेऊन मागच्या गल्लीत मोठेबाबांकडे, बाबांच्या थोरल्या भावाकडे, जातेस. बाबांच्या तेरवीलाच त्यांनी आपला माग उचलून नेला होता. तू आडवी गेलीस तेव्हा तुला ओसरीवरून ढकललं. तुझा डावा खांदा पुढे कधीच नीट वर गेला नाही. आता त्यांचं अंग लुळं पडलं होतं. सून माहेरी निघून गेली होती. मुलगा गिरणीत जाताना उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायचा, बाकी काही बघायचा नाही. हातच हलत नाहीत त्याला तांब्याचा काय उपयोग! तू भरवायचीस, अंग पुसायचीस आणि त्यांच्या शिव्या ऐकून परत यायचीस.

मला तेव्हा एका जर्मन तत्त्ववेत्त्याने झपाटलं होतं. दया, क्षमा, नम्रता ही दुबळ्यांनी रचलेली नीती, असं त्याचं म्हणणं. तू डबा भरत होतीस आणि मी बोललो, "हे दया नाही, आई. भीती आहे. बदला घ्यायची ताकद नाही, म्हणून तू त्याले धरम म्हणते."

तू रागावली नाहीस. "मंग ताकद असलेला माणूस काय करते गा?"

"तो जात नाही."

तू डबा फळीवर ठेवलास आणि पुन्हा सूत भरायला बसलीस. दुसऱ्या दिवशीही गेली नाहीस. तिसऱ्या दिवशी दोनदा दारापर्यंत जाऊन परत फिरलीस. मी पुस्तकाआडून पाहत होतो. मी जिंकलो होतो.

चौथ्या दिवशी सकाळी चुलतभाऊ सांगत आला, मोठेबाबा गेले. मोठेबाबांचे ओठ फुटले होते, जीभ काळी पडली होती. ओल्या फडक्याने त्यांचं तोंड तूच पुसलंस.

घरी आल्यावर मी म्हणालो, "यात तुयी काही चूक नाही."

"न जायचं जमते का मले, ते पाहून राहिली होती," तू म्हणालीस. "जमलं."

त्यानंतर सोळा वर्षं जगलीस, देवापुढे दिवा लावला नाहीस. शेजारणीने काहून म्हणून विचारलं, तर एवढंच म्हणालीस, "कोन्त्या तोंडानं लावू वं?"

ते पुस्तक मी पुढे सावकाश वाचलं. त्या माणसाचा राग घाबरून केलेल्या दयेवर होता. ज्याच्याकडे उतू जाण्याइतकं आहे आणि म्हणून जो देतो, त्याच्यावर नव्हता. तू त्यातली कोण होतीस, हे मी तुला कधी विचारलंच नव्हतं. दरवर्षी वर्गात ते पान आलं की मी घसा खाकरून पुढे जायचो.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून एवढंही लिहून टाकतो. एरवी तू त्यांच्याकडून येईस्तोवर माझं जेवण गार व्हायचं. त्या तीन दुपारी तू मला तव्यावरची गरम भाकर वाढलीस. मला बरं वाटलं होतं.